हार्डांगर चारचौघींत शिकताना: मोजणी सगळ्यांची, कात्री जिची तिची

तुमचा प्रश्न असा: कर्नाटकी कशिदा आणि क्रॉस स्टिच बरीच वर्षं हातात आहे, आता हार्डांगर, म्हणजे कापडाचे धागे मोजून, कापून जाळी करायचं भरतकाम, शिकायचंय. ओळखीतल्या आठ-दहा जणी मिळून एकच नमुना भरायला घेताहेत आणि दर आठवड्याला त्याचा पुढचा भाग हातात येणार आहे. त्यांच्यात सामील व्हावं, की आधी एकटीने हात बसवून घ्यावा? कापड कापायची धास्ती वाटते. शिवाय घरात मॅटी, म्हणजे भरतकामाचं धागे मोजता येणारं कापड, आणि सहा पदरी दोरा पडून आहे, ते चालेल का?

सामील व्हा. मी हे काम शिकवते, आणि पुस्तक समोर ठेवून एकटीने धडपडणाऱ्यांपेक्षा चौघींत बसून शिकणाऱ्या लवकर तयार होतात, हे मी पाहत आलेय. सगळ्या करताहेत म्हणून आपलंही होतं, असं म्हणतात खरं. पण तो हुरूप पहिले दोन-तीन आठवडे टिकतो. मग कुणाकडे पाहुणे येतात, कुणाच्या मुलांची परीक्षा निघते. सोबतीचा टिकाऊ फायदा मोजणीत आहे. हार्डांगर बिघडतं ते मोजण्यात, आणि आपण चुकीचं मोजलेलं आपल्याच डोळ्यांना शंभरदा बरोबर दिसतं. शेजारी बसलेलीला ते एका नजरेत कळतं.

आधी काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. धागे मोजून विणीवर भरीव टाक्यांचे छोटे चौकोन करायचे, त्यांना क्लोस्टर ब्लॉक म्हणतात. कापडाच्या 4 धाग्यांवरून जाणारे 5 टाके शेजारी शेजारी घातले की एक ब्लॉक. पुढचा ब्लॉक त्याला काटकोनात: पहिल्याचे टाके उभे, तर दुसऱ्याचे आडवे, आणि कोपऱ्यातलं भोक दोघांचं सामाईक. असे ब्लॉक पायऱ्या-पायऱ्यांनी चढत-उतरत फिरतात आणि शेवटी निघाले तिथेच येऊन मिळतात. मग या कुंपणाच्या आतले धागे 4 कापायचे, 4 ठेवायचे, पुन्हा 4 कापायचे. उभे तसे आणि आडवेही तसेच. उरलेल्या धाग्यांच्या मोकळ्या जाळीवर सुईने विणून घट्ट दांड्या करायच्या आणि मधल्या रिकाम्या चौकोनांत हवं तर नाजूक फासे घालायचे. पांढऱ्या कापडावर पांढराच दोरा, ही याची जुनी रीत.

हे काम नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याचं. हार्डांगरफ्योर्ड नावाची समुद्राची लांबलचक खाडी तिथे डोंगरांत आत घुसलीय, तिच्या काठांवरचा मुलूख म्हणजे हार्डांगर. तिथल्या बायकांच्या पारंपरिक पोशाखाला, म्हणजे बुनाडला, पुढे पांढरा एप्रन असतो आणि त्याच्या खालच्या भागात या जाळीचा रुंद पट्टा. नॉर्वेचं संविधान 1814 च्या 17 मे रोजी झालं. दरवर्षी त्या दिवशी लोक बुनाड घालून मिरवणुकीला निघतात, तेव्हा हे एप्रन रस्त्यावर बघायला मिळतात. उत्ने गावात हार्डांगरचं लोकसंग्रहालय आहे. 19व्या शतकात नॉर्वेतून माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेला गेली, त्यांच्या पेट्यांतून हे कामही गेलं. आयोवा राज्यातल्या डेकोराह गावचं वेस्टरहाइम संग्रहालय त्या स्थलांतरितांच्या वस्तूंचंच आहे. जुनी कामं बारीक लिननवरची असल्यामुळे त्यांतले ब्लॉक आपल्या आजच्या कामापेक्षा कितीतरी लहान दिसतात. ती बघून घाबरून जाऊ नका.

आता तुमच्या हाताबद्दल. कर्नाटकी कशिद्याचा तुम्हाला इथे मोठा आधार होईल. कापडावर काही न छापता धागे मोजत जायचं, वाट पुढे कशी वळणार हे आधी डोक्यात ठेवायचं आणि मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ ठेवायची, हे तुमच्या बोटांत आहे. गवंती, म्हणजे कशिद्यातला जाऊन-येऊन भरायचा दुहेरी धावदोरा, करताना जी शिस्त लागते तीच इथे लागते. क्रॉस स्टिचची एक सवय मात्र मोडावी लागेल. क्रॉस स्टिचमध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना मागून दोरा तिरका ओढून नेला तरी कुणाला दिसत नाही, कारण मधे कापड आहे. इथे ते कापड उद्या कापलं जाणार आहे. मागून नेलेला तिरका दोरा मग भोकाच्या मधोमध तारेसारखा लोंबतो, आणि तो कापला तर ब्लॉक उसवतो. म्हणून वळणावर काम उलटं करून बघा: मागच्या बाजूला उभे आणि आडवेच टाके दिसले पाहिजेत. कोपऱ्यावर एक जरी तिरकी रेघ दिसली, तरी शेवटचा टाका उसवून सुई दुसऱ्या टोकाकडून वर काढा. त्या दोन्ही टाक्यांच्या जागा बरोबर असतात, फक्त सुई वर-खाली जाण्याचा क्रम उलटा झालेला असतो.

गाठ कुठेच मारायची नाही. सुरुवातीला दोऱ्याचं शेपूट मागे लांब सोडा आणि नंतर मागच्या बाजूने ब्लॉकच्या टाक्यांखालून ओवून टाका. संपवतानाही तसंच.

आता मोजणी. बैठकीत पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एक काम एकत्र करावं: कापडाच्या मधोमध उभा आणि आडवा धावदोरा घालणं, तोही 4 धागे वर, 4 धागे खाली असा नेमका मोजून. म्हणजे ही रेघच पुढे पट्टीसारखी वापरता येते. मध्यापासून पहिला ब्लॉक 20 धाग्यांवर आहे असं आराखड्यात असेल तर धावदोऱ्याचे 5 टप्पे मोजले की झालं, दर वेळी डोळे फोडायला नकोत. धावदोऱ्याला फिकट निळा किंवा अबोली शिलाईचा दोरा घ्या. गडद लाल घेतलात तर काढताना त्याची लव पांढऱ्या विणीत अडकून राहते.

मग ब्लॉकचं कुंपण. नमुन्याचे भाग आठवड्यानुसार येणार असतील तर सामील होण्याआधी मुख्य बाईंना एक गोष्ट नक्की विचारा: आधी पूर्ण बाह्यरेषा देणार की प्रत्येक भागातच थोडं भरायचं, थोडं कापायचं? पहिली पद्धत नवशिक्यांना योग्य. दुसरीत पहिल्या आठवड्यात कापून मोकळं झालेलं कापड पुढचे सात आठवडे हाताळावं लागतं, ते ताणतं, आणि पाचव्या आठवड्यात मोजणी दोन धाग्यांनी चुकलीय असं कळलं तर मागे जायला वाट नसते. ब्लॉक उसवता येतो, कापलेला धागा परत जोडता येत नाही. एकाखाली एक वेगळे पट्टे असलेला नमुना असेल तर गोष्ट निराळी. प्रत्येक पट्टा आपल्यापुरता पुरा होतो, तिथे पट्टा संपला की कापायला हरकत नाही.

कुंपण जुळलं की ते बरोबर आहे याची खूण त्यातच असते: शेवटचा ब्लॉक पहिल्याला नेमक्या सामाईक भोकात भेटतो. एका धाग्यानेही हुकला तर कुठेतरी 4 च्या जागी 3 किंवा 5 झालेत. तो एक धागा ओढून-ताणून जुळवून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तसं केलंत तर समोरासमोरचे ब्लॉक एका रेषेत राहत नाहीत, आणि कापताना एका टोकाला जे 4 धागे सुटे होतात ते दुसऱ्या टोकाला ब्लॉकच्या बाहेर जाऊन पडतात.

इथे बैठकीचा उपयोग करा. जोड्या ठरवा. जोडीदारणीने दुसरीचं काम घेऊन आपल्या सुईच्या बोथट टोकाने प्रत्येक ब्लॉक मोजायचा: 5 टाके, खाली 4 धागे. मग ब्लॉकसमोर ब्लॉक आहे का ते बघायचं. एका ब्लॉकच्या टोकाशी मधले 4 धागे धरून सुई सरळ विणीतून पलीकडे न्यायची, समोरच्या ब्लॉकच्या बरोबर मधे पोचली पाहिजे. हे सगळीकडे झाल्यावरच तिने "काप" म्हणायचं. ती म्हणेपर्यंत कात्री डब्यात. माझ्याकडच्या बायका याला गमतीने "सही घेणं" म्हणतात, आणि कुणाची सही पटकन मिळते आणि कुणाची मिळता मिळत नाही यावर भरपूर टोमणे चालतात. फटकळ, चिकित्सक जोडीदारीण मिळाली तर नशीब समजा.

जोडीदारीण दुसऱ्या गावी असेल तर फोटो पाठवावा लागेल. काम काळ्या कागदावर ठेवा, मोबाइल अगदी सरळ वरून धरा, आणि मागच्या बाजूचाही फोटो पाठवा. समोरच्या फोटोवर सगळ्या "किती सुरेख" म्हणतात. चूक मागच्या फोटोत सापडते.

तुमच्या धास्तीबद्दल. धास्ती योग्यच आहे, ती पूर्ण जाऊ नये, पण ती नमुन्याच्या कापडावर घालवायची नाही. आधी तळहाताएवढा तुकडा घ्या आणि 12 धागे बाय 12 धागे असा चौकोन धरा. प्रत्येक बाजूला दोन ब्लॉक, त्यांच्या मधे 4 धाग्यांची जागा. एकूण 8 ब्लॉक, सगळ्यांचे टाके आतल्या चौकोनाकडे तोंड करून. आता वरच्या बाजूचा डावा ब्लॉक बघा. त्याचे टाके उभे आहेत, 5 टाक्यांच्या मधून 4 उभे धागे खाली चौकोनात उतरताहेत. कापायचे ते हेच 4, आणि तेही टाक्यांच्या टोकाशी, जिथे सुई कापडात शिरली होती तिथे. टाके ज्या दिशेचे त्याच दिशेचे धागे, आणि टाक्यांच्या टोकाशी, एवढं पक्कं ठेवा. ब्लॉकच्या कडेला, म्हणजे पाचव्या टाक्याच्या बाजूने, कात्री कधीही नाही. तिथले धागे धरून ठेवायला काहीच नसतं, ब्लॉक मोकळा होऊन सुटतो.

कात्री बारीक, टोकाला खरोखर धारदार हवी. आयब्रोची कात्री चालत नाही, तिचं टोक जाड असतं. टोक भोकात घाला, 4 धागे उचला आणि थांबा. टोक पलीकडे दिसतंय ना, त्यावर 4 च धागे आहेत ना, ब्लॉकचा दोरा मधे आलेला नाही ना, हे बघून मग कापा. या तुकड्यावर अशा 8 जागा कापायच्या आहेत. आधी सगळे उभे धागे दोन्ही टोकांना कापा, मग सगळे आडवे. उभे-आडवे आलटून पालटून कापलं की विसर पडतो. कापलेले धागे चिमट्याने अलगद ओढून काढा. मधे 4 उभ्या आणि 4 आडव्या धाग्यांची फुली उरेल आणि चारही कोपरे रिकामे. मांडीवर गडद ओढणी टाका, म्हणजे भोकं उठून दिसतील. पांढऱ्यावरचं पांढरं ट्यूबलाइटखाली दिसतच नाही. कापायचं काम शक्यतो सकाळच्या उजेडात करा.

आणि हे काम एकटीने, दार लावून करा. बैठकीत कापू नका. गप्पा चालू असताना, "अगं तुझं झालं का?" असं कुणी विचारत असताना हात घाईला येतो. मोजायला चार डोळे जास्त हवेत, कापायला मात्र आपलेच दोन पुरतात.

त्यातूनही एखादा नको तो धागा कापला गेला, तर रडू नका, उपाय आहे. कापडाच्या कडेच्या जादा भागातून एक लांब धागा ओढून काढा. कापलेल्या धाग्याच्या जागी तो विणीप्रमाणेच वर-खाली सुईने विणा आणि दोन्ही टोकं ब्लॉकखाली मागून ओवून टाका. दांडी विणली की तो कुणाला ओळखू येत नाही. यासाठी सुरुवातीला कापड नमुन्यापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं घ्या.

दांड्या विणणं हा सगळ्यात रमवणारा भाग. 4 धाग्यांपैकी दोन डावीकडे, दोन उजवीकडे. सुई मधून वर काढून एकदा डाव्या जोडीवरून, एकदा उजव्या जोडीवरून. पहिल्या दांडीला किती फेरे बसले ते मोजून लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक दांडीला तेवढेच द्या. एका दांडीवरून दुसरीवर कोपऱ्यातून तिरकं, पायऱ्यांनी जायचं, मधल्या विणलेल्या चौकोनाच्या मागून. भोकावरून दोरा कधी नाही. नवीन दोरा नेहमी रांगेच्या सुरुवातीला, ब्लॉकखाली अडकवून घ्या. उरलेला दोरा पूर्ण रांगेला पुरणार नाही असं वाटलं तर तिथेच थांबा. दांडीच्या मधे दोरा संपला तर तो लपवायला जागा नसते. दोरा हातभरच घ्या, फार लांब घेतलात तर घासून चमक जाते.

भोकात घालायच्या फाशांपैकी डव्ह्ज आय आधी शिका. चौकोनाच्या तीन बाजू पूर्ण विणायच्या, चौथी अर्धी. तिथून प्रत्येक बाजूच्या मधून फासा घेत चौकोनभर फिरायचं, पहिल्या फाशातून सुई घालून परत चौथ्या दांडीवर यायचं आणि तिचा उरलेला अर्धा भाग पुरा करायचा. चारही फासे एकाच दिशेने एकमेकांवर चढले पाहिजेत. इथे बैठकीतला गोंधळ ठरलेला: समोर बसलेलीचा हात बघून केलं की दिशा उलटी पडते. जिचं बघायचं तिच्या शेजारी बसा, समोर नाही. डावखुऱ्या बाईला मात्र समोरच बसवते मी, तिला ते आरशासारखं सोयीचं पडतं. उलट्या दिशेने केलेला डव्ह्ज आय चूक नसतो, पण पूर्ण कामात सगळे एकाच दिशेचे हवेत.

एखादी पुढे गेली, तुम्ही मागे राहिलात, तर काय? ब्लॉकच्या टप्प्यावर मागे राहू नका, कारण तपासायला जोडीदारीण तेव्हाच मोकळी असते. दांड्यांना कितीही वेळ लागू द्या. आणि कधी नॉर्वेतल्या बायकांबरोबर ऑनलाइन बसण्याचा योग आला तर घड्याळ बघून घ्या. त्यांचे संध्याकाळचे 7 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. त्या वेळी फक्त बघा, कात्री लावू नका.

राहिलं सामान. मॅटीवर सराव करा, मोठं काम नको. तुळशीबागेत किंवा दादरला मिळणारी मॅटी बरेचदा दोन्ही दिशांना सारखी नसते. कापडावर इंचाची पट्टी ठेवून उभे आणि आडवे धागे मोजा. समजा एका दिशेला इंचात 22 निघाले आणि दुसरीकडे 20. मग 176 धाग्यांचा चौकोनी नमुना एकीकडे 8 इंच होईल आणि दुसरीकडे 8.8. चौकोनाचा आयत झाला, आठ पाकळ्यांची चांदणी चपटी झाली. शिवाय सैल मॅटी कापल्यावर सरकते. हार्डांगरचं खास कापड 22 काउंटचं, म्हणजे इंचात धाग्यांच्या 22 जोड्या. प्रत्येक जोडी एक धागा म्हणून मोजायची. त्यावर शिका. 28 काउंटच्या लिननवर तोच 176 धाग्यांचा नमुना सव्वासहा इंचांवर येतो, दिसतो फार देखणा, पण ते दुसरं-तिसरं काम म्हणून. ऐडा हे क्रॉस स्टिचचं चौकटींचं कापड कडक असतं, ते क्रॉस स्टिचलाच ठेवा.

सहा पदरी दोरा नको. पदर पसरतात आणि ब्लॉक चपटा, मलूल दिसतो. पर्ल कॉटन हा पिळाचा दोरा घ्या, त्याचे पदर सोडवत नाहीत. नंबर लहान तितका दोरा जाड. 22 काउंटवर ब्लॉकला 5 नंबर आणि दांड्यांना, फाशांना 8 नंबर. 28 काउंटवर 8 आणि 12. अँकर, डीएमसी दोन्हींचा मिळतो. 8 नंबरचा छोटा गोळा येतो, 5 नंबरची लडी. सगळ्या जणींनी पांढरा एकाच कंपनीचा आणि एकाच छटेचा घ्यायची गरज नाही, पण आपल्या एका कामासाठी लागणारा सगळा दोरा एकदम घ्या. पांढऱ्यातही दुधी आणि निळसर असा फरक निघतो. सुई बोथट टोकाची टॅपेस्ट्रीची: 5 नंबर दोऱ्याला 22 ची, 8 नंबरला 24 ची, 12 नंबरला 26 ची.

कडेला काज टाका घालायचा असेल तर तो ब्लॉकबरोबरच भरून घ्या, पण बाहेरचं कापड लगेच कापू नका. आतलं सगळं झाल्यावर कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, टॉवेलवर उलटं ठेवून ओलसर असतानाच इस्त्री करा. धुतल्यावर दोरा आणि कापड दोन्ही आवळून बसतात. मग काम उलटं धरून, मागच्या बाजूने, काजाच्या अगदी लगत बाहेरचं कापड कापा. आणि तेवढं कापायच्या आधीही जोडीदारणीला एकदा दाखवून घ्या, काजाचा एखादा टाका कापडाच्या कडेपर्यंत पोचलेला नसतो.